बाटली फेकू नका

यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी कमरेला आली की फवारणीचा जोर चढतो. त्या दिवसांत गावात जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यानं, आशाताईनं, शिक्षकानं एक वाक्य सोबत न्यावं : बाटली फेकू नका. फवारा संपला, पंप विसळला की रिकामी बाटली धुऱ्यावर पडते, नाहीतर नाल्यात जाते. कृषी केंद्राचं बिल मिळालंच असलं तर ते खिशातल्या घामानं भिजून लगदा होतं. डॉक्टरला, पोलिसाला आणि कोर्टाला पुढे नेमकं हेच दोन्ही हवं असतं.

पर्यावरणाचं काम म्हटलं की आपल्याकडे पहिलं चित्र येतं ते पावसाळ्याच्या तोंडावरच्या वृक्षारोपणाचं. झाडं लावायलाच हवीत. पण या जिल्ह्यात हवा, पाणी आणि माती यांचा सगळ्यांत जवळचा प्रश्न पाठीवर पंप घेऊन वावरात फिरतो आहे. त्या माणसाच्या फुप्फुसात काय जातं, हा पर्यावरणाचा प्रश्न आहे, हे मान्य करायला आपण फार वेळ लावला.

२०१७ साल आठवा. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फवारणी करणारे लोक येत राहिले. उलट्या, चक्कर, छाती भरून येणं. काहींना काही दिवस डोळ्यांनी दिसेनासं झालं. जिल्ह्यात आठशेच्या वर माणसं रुग्णालयांत पोचली आणि वीसहून अधिक गेली. वॉर्ड भरत होते, तरी यंत्रणा खडबडून उठायला ऑक्टोबर उजाडावा लागला. मग विशेष तपास पथक आलं, मंत्री आले, मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली.

त्या हंगामातलं वावर कसं होतं ते नीट पाहायला हवं, कारण दोष कोणाचा हे तिथंच ठरतं. पऱ्हाटी अनेक ठिकाणी माणसाच्या डोक्याएवढी झाली होती. फवारणारा माणूस दोन ओळींमध्ये शिरला की तो त्यात बुडायचा. एरवी गुडघ्यापाशी, कमरेपाशी धरायची नळी त्याला तोंडासमोर, डोक्यावर धरावी लागत होती. बॅटरीच्या पंपानं फवारा धुक्यासारखा बारीक पडतो. तो पानावर बसण्याआधी वाऱ्यानं उलटून डोळ्यांत येत होता. वर ऊन, खाली ओली माती, मध्ये न हलणारी दमट हवा. शर्ट पाठीला चिकटलेला आणि पंपाच्या झाकणातून झिरपलेलं पाणी त्याच शर्टातून पाठीवर उतरलेलं. नाकाला दुपट्टा. तोही थोड्या वेळात ओला. ओला दुपट्टा विष अडवत नाही, नाकाशी धरून ठेवतो.

आणि बांधावर बाई. ड्रममध्ये पाणी तीच ओतते, पंपामागे किती झाकणं टाकायची हे विचारून मिश्रण तीच ढवळते, संध्याकाळी ते कपडे पोरांच्या कपड्यांबरोबर तीच धुते. विषबाधेच्या नोंदीत फवारणारा तेवढा दिसतो, ती सहसा दिसत नाही.

एवढं झाल्यावर जे वाक्य सर्वांत आधी ऐकू आलं, ते होतं : शेतकऱ्यानं काळजी घेतली नाही. हातमोजे नव्हते, चष्मा नव्हता, वाऱ्याच्या दिशेकडे लक्ष नव्हतं, दोन-तीन औषधं एकत्र केली होती. यातल्या पुष्कळ गोष्टी खऱ्या आहेत. मिश्रणं झाली होती, दुकानदाराच्या सल्ल्यानं झाली होती, उधारीवर झाली होती. पण या वाक्याचा अर्थ मेलेल्या माणसावर मेल्याचा ठपका ठेवणं असा होतो, आणि मला ते मान्य नाही.

मला ते का मान्य नाही, याला आधार आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशक व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आहे. तिचं पहिलं रूप १९८५ चं. तीत स्पष्ट म्हटलं आहे की ज्या कीटकनाशकाला अंगावर त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते वापरणं टाळावं, विशेषतः उष्ण हवामानात, लहान शेतकरी आणि शेतमजूर यांच्या बाबतीत. उष्ण हवामान, लहान शेतकरी, शेतमजूर : वाक्य जणू आर्णी-घाटंजीच्या वावरात उभं राहून लिहिलं आहे. सप्टेंबरच्या उन्हात रबरी मोजे, बंद चष्मा आणि पूर्ण अंगरखा घालून कोणी दिवसभर पंप वाहू शकत नाही. हे कंपन्यांना माहीत आहे, कृषी खात्याला माहीत आहे. तसं असताना ते औषध इथं विकायला परवानगी मिळते, तेव्हा काळजी कोणी घेतली नाही, हा प्रश्न वावराच्या बाहेर विचारावा लागतो.

सरकारच्या हातात काय होतं? कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्याचं कलम २७ राज्याला सार्वजनिक सुरक्षेसाठी विक्री थांबवू देतं, पण साठ दिवसांपुरती; फार तर आणखी तीस. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळसह अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर अशी तात्पुरती बंदी आली. तोवर माणसं जाऊन झाली होती. पाचांतलं एक होतं मोनोक्रोटोफॉस. याच विषानं २०१३ मध्ये बिहारच्या एका गावात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून २३ मुलं मारली. त्याच्या ३६ एसएल या रूपावर केंद्रानं बंदीचा निर्णय घेतला तो २०२३ मध्ये. दहा वर्षं गेली.

त्याच कायद्याचं कलम २६ सांगतं की राज्य सरकार अधिसूचना काढून विषबाधेची प्रत्येक घटना ठरावीक अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक करू शकतं. हे कलम नीट राबवलं असतं तर जुलैतच धोक्याची घंटा वाजली असती. नुकसानभरपाईचं तर या कायद्यात कलमच नाही. २०२० मध्ये राज्यसभेत नवं कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक आलं, ते कायदा झालं नाही. विषबाधित कुटुंबाला आजही मदत मागावी लागते, हक्क सांगता येत नाही.

आता यवतमाळच्या माणसांनी काय केलं ते सांगतो, कारण या जिल्ह्याची ओळख फक्त शेतकरी आत्महत्येच्या आकड्यांनी करून देणाऱ्यांना ते बहुधा ठाऊक नसतं.

वाचलेले शेतकरी, मजूर आणि गेलेल्यांच्या बायका यांची एक संघटना उभी राहिली : महाराष्ट्र असोसिएशन ऑफ पेस्टिसाइड पॉइझन्ड पर्सन्स. देवानंद पवारांसारखे इथले कार्यकर्ते त्यामागे होते. पॅन इंडिया ही कीटकनाशकांवर काम करणारी संस्था, स्वित्झर्लंडची पब्लिक आय आणि बर्लिनचं युरोपियन सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल अँड ह्युमन राइट्स त्यांच्या जोडीला आले. गावोगाव जाऊन माहिती गोळा झाली. कोणी काय फवारलं, कोणत्या दिवशी, किती तास, कुठल्या दवाखान्यात किती दिवस. आणि सप्टेंबर २०२० मध्ये ५१ कुटुंबांच्या वतीनं स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या स्विस संपर्क केंद्राकडे तक्रार गेली. त्याच वेळी दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी बाझल शहरात त्याच कंपनीविरुद्ध दाव्याची प्रक्रिया सुरू केली.

वाद होता कंपनीच्या पोलो या कीटकनाशकाचा. त्यातलं रसायन डायफेन्थियुरॉन. युरोपीय संघानं ते २००२ मध्येच बाद केलं होतं, स्वित्झर्लंडनं २००९ मध्ये. पब्लिक आयनं पुढे आणलेल्या माहितीप्रमाणे २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधून भारतात ७५ टन पोलो आलं. यवतमाळ पोलिसांच्या कागदांत पोलोशी जोडलेली ९६ प्रकरणं नोंदलेली सापडली, त्यांत दोन मृत्यू होते. आपल्या उत्पादनामुळे हे घडलं याला पुरावा नाही, अशी भूमिका कंपनीनं घेतली. ओईसीडीकडची बोलणी २०२२ मध्ये समझोत्याविना संपली. दाव्याची वाट लांब आणि खर्चाची आहे.

पण मधल्या काळात एक गोष्ट घडली. ऑक्टोबर २०२० मध्ये स्विस सरकारनं पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी जाहीर केली, ती १ जानेवारी २०२१ पासून लागू झाली. त्या पाचांत डायफेन्थियुरॉन आहे. आपल्या देशात वापरायला नको ते दुसऱ्याच्या देशात पाठवायला चालतं, या जुन्या रीतीला तिथल्या सरकारलाच खीळ घालावी लागली. त्यामागे युरोपातल्या संस्थांचा अनेक वर्षांचा रेटा होता, आणि त्या रेट्यात यवतमाळच्या बायकांची साक्ष होती. हे श्रेय त्यांना मोकळेपणानं द्यायला हवं. या जिल्ह्यात किती जणांनी दिलं?

आता पुन्हा आकड्यांकडे या. आठशेच्या वर माणसं आजारी पडली आणि एका औषधाशी पोलिसांच्या कागदावर जोडली गेलेली प्रकरणं ९६. कोर्टात उभं राहायचं तर कोणतं औषध, कोणत्या दिवशी, किती प्रमाणात, सोबत दुसरं काही होतं का, त्यानंतर किती तासांनी त्रास सुरू झाला, हे सगळं दाखवावं लागतं. रुग्णालयाच्या कागदावर नुसतं ‘अज्ञात विषबाधा’ असं असलं की पुढची दारं बंद होतात. उपचाराचंही तसंच. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन चालतं; डायफेन्थियुरॉनवर नेमका उतारा नाही, लक्षणं पाहून उपचार करावे लागतात. डॉक्टरसमोर बाटली ठेवली तर त्याचा वेळ वाचतो आणि कधी कधी माणूसही. म्हणून ती बाटली घराबाहेर, पोरांचा आणि गुरांचा हात-तोंड पोचणार नाही अशा जागी, हंगाम संपेपर्यंत कुलपात राहायला हवी. दवाखान्यात जाताना पिशवीत घालून सोबत न्यायला हवी.

यात हवामान बदलाचा काय संबंध, असं कोणी विचारेल. तो पहिल्यापासून यातच आहे. यवतमाळची कपाशी बहुतेक पावसावरची. पाऊस वेळेवर आला तर पेरणी साधते. मध्येच मोठा खंड पडला तर दुबार पेरणी. मग एकदम झड लागली की पीक माजतं, दमटपणा वाढतो, किडीला रान मोकळं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीही पोखरली आणि ज्याच्या भरवशावर महाग बियाणं घेतलं तो भरवसाच गेला. मग एक फवारणी जास्त, दोन जास्त. पाऊस जितका लहरी, तितकी बाटली मोठी. हवामान बदलाच्या जागतिक परिषदांत जो ‘न्याय’ बोलला जातो, त्याचा या जिल्ह्यातला अर्थ एवढाच आहे : ज्यानं धूर सर्वांत कमी सोडला, त्याच्या अंगावर सर्वांत जास्त विष का यावं?

नैसर्गिक शेती करा, हे उत्तर मला ठाऊक आहे. याच जिल्ह्यातले सुभाष शर्मा अनेक दशकं रसायनांशिवाय शेती करत आले, पाणी वावरातच मुरवत आले, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं काम मोठं आहे आणि शिकण्यासारखं आहे. पण ज्याच्याकडे स्वतःचं वावरच नाही, जो दुसऱ्याच्या कपाशीत पंपामागे पैसे घेऊन फवारतो, त्यानं काय सोडावं आणि काय धरावं? पीक कोणतं घ्यायचं हे ठरवणं त्याच्या हातात नाही. त्याला आज संध्याकाळपर्यंत सुखरूप घरी यायचं आहे.

नोंदींनी काय साधतं हे पाहायचं तर केरळच्या कासरगोडकडे बघा. तिथं काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. आधी कोणी ऐकलं नाही. मग गावातल्या आया, डॉक्टर, शिक्षक यांनी घरोघरी जाऊन कोणत्या घरात कोणतं मूल कसं जन्मलं याची मोजदाद केली. त्या याद्या आंदोलनाचा कणा झाल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एन्डोसल्फान थांबवलं. त्याच वर्षी स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत ते जगभरासाठी गेलं. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयानं प्रत्येक बाधिताला पाच लाख रुपये तीन महिन्यांत द्या, असं केरळ सरकारला सांगितलं. त्यानंतरही लोकांना पैशासाठी पुन्हा न्यायालयात जावं लागलं. म्हणजे याद्या करूनही लढा संपत नाही, पण याद्या नसत्या तर तो सुरूच झाला नसता.

आपल्याकडच्या आंदोलनांना इथं मला एक टोचणी लावायची आहे, आपुलकीनं. यवतमाळात मोर्चे कमी निघत नाहीत. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर उपोषणं होतात, निवेदनं दिली जातात. पैनगंगेच्या काठची गावं निम्न पैनगंगा धरणाविरुद्ध दोन दशकांहून जास्त काळ ठाम उभी आहेत. जिद्द आपल्याकडे भरपूर आहे. पण निवेदन दिल्यावर आवक शिक्क्याची प्रत कोणाकडे असते? मागच्या हंगामात तालुक्यात किती जणांना फवारणीत त्रास झाला, कोणत्या औषधानं, हे एका तरी संघटनेच्या कपाटात लिहिलेलं मिळेल का? घोषणा विरून जाते. तारीख, सही आणि शिक्का असलेला कागद अधिकाऱ्याला फाईलमध्ये लावावाच लागतो.

आणि ग्रामसभांना हिशेब जमत नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हातात आला. विदर्भात वनहक्क मिळालेल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात, पुडक्या-पुडक्यांचा हिशेब ठेवतात, मजुरी वाटतात. आपल्या जिल्ह्यात राळेगाव, केळापूर, घाटंजी, मारेगाव या तालुक्यांतली कितीतरी गावं आदिवासी क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखाली येतात. तिथं ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याचं वजन आहे. पुडकी मोजणाऱ्या गावाला पंप मोजता येतील.

प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, असं २००२ चा कायदा सांगतो. हरित लवादानं ३१ जानेवारी २०२०ची मुदत घालून दिली आणि लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करण्याची धावपळ उडाली. आपल्या गावाची वही कोणी लिहिली आणि ती कुठं आहे, हे एकदा ग्रामसेवकाला विचारा. गावानं स्वतः लिहिलेली नसेल तर ती पुन्हा उघडायला हवी. त्यात झाडं आणि पक्षी असावेतच. नाल्यात मासे कधी मेले, मधमाश्या कोणत्या महिन्यात कमी झाल्या, विहिरीच्या पाण्याला वास कधी आला, हेही तिथं यावं. गावाच्या आजाराची सुरुवात तिथं आधी दिसते.

त्या वहीशेजारी दुसरी वही ठेवा, फवारणीची. साधी दोनशे पानी. तारीख, वावर कोणाचं, औषधाचं नाव, बॅच क्रमांक, दुकान, मिश्रणात काय काय, किती पंप, फवारलं कोणी, पाणी आणि मिश्रण कोणी केलं, त्रास झाला का. बॅच क्रमांक मोबाईलनं फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला तरी चालेल, पण वहीत हातानं लिहिलेलाच असावा. महिन्याला ती वही ग्रामसभेत वाचली जावी आणि दर आठवड्याला गोषवारा तालुका आरोग्य अधिकारी व कृषी अधिकारी यांना आवक शिक्क्यासह द्यावा. दोन गावांत एकाच दुकानाच्या एकाच औषधानं चार जणांना उलट्या झाल्या, हे आठ दिवसांत कळलं तर पाचवा माणूस वाचतो. २०१७ मध्ये हे कळायला तीन महिने लागले.

या वहीत एक जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे; मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण ही योजना सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी आहे. भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही. औषधाचं बिल मालकाच्या नावानं, वावर मालकाच्या नावानं, पीककर्ज मालकाच्या नावानं. पाठीवर पंप मात्र कोलाम वस्तीतल्या पोराचा, नाहीतर सालगड्याचा. तो दवाखान्यात मेला तर त्या वावरात तो त्या दिवशी होता, हे सांगणारा एकही कागद नसतो. वही सुरू करताना मालकाच्या नावाआधीचा रकाना फवारणाऱ्याचा ठेवा, त्याची सही किंवा अंगठा त्याच दिवशी घ्या, आणि बांधावर मिश्रण ढवळणाऱ्या बाईचं नाव त्याच ओळीत लिहा.